माझ्या पोटाची पहिली शिफ्ट

माझं पोट कंपनीच्या बसच्या हॉर्नवर चालतं, हे मला सत्तरी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं.

माहीत असायचं कारणही नव्हतं. पोट चालतंय तोवर त्याच्याकडे कोण बघतंय? विहिरीवरच्या मोटारीसारखं असतं ते. चालू असताना कुणी तिला नमस्कार करत नाही. बंद पडली की मात्र सगळं गाव गोळा होतं आणि प्रत्येकाला तिच्यातलं कळतं!

आमचं गाव चाकणच्या पलीकडे. आधी कांद्याचं होतं, मग कंपन्यांचं झालं. आमचे मालक (म्हणजे नवरा. कंपनीचे मालक असते तर मला हे लिहायची वेळ आली नसती) एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये कामाला होते. पहिल्या शिफ्टची बस उजाडायच्या आधी यायची आणि आमच्या अंगणासमोर वळायची, कारण पुढे रस्ताच नव्हता. बबन ड्रायव्हर वळता वळता हॉर्न मारायचा. दोन आखूड, एक लांब. आखूड म्हणजे 'आलो', लांब म्हणजे 'चाललो'. हॉर्न असा खणखणीत की शेजारची म्हैस पान्हा चोरायची.

हॉर्न झाला की हे एका हातात डबा, एका हातात बूट घेऊन पळायचे. बूट बसमध्ये चढायचे, पाय मागून. सासूबाई देवळात काकड्याला गेलेल्या असायच्या आणि पोरं गाढ झोपेत. बस वळून धुरळा खाली बसला की मी परसाकडे जायची. जायची आणि यायची. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी कधी कुणाला सांगितलं नाही.

पुढे हे रिटायर झाले आणि आमचा संतोष त्याच बसने जायला लागला. ह्यांना सवय सुटेना. बस सुटेपर्यंत कोपऱ्यावर उभे राहायचे, ड्रायव्हरला वाट दाखवल्यासारखे हात करायचे आणि मग तसेच डेअरीवर दूध घालायला जायचे. नंतर संतोषही कंप्युटरच्या कंपनीत लागला, लग्न करून वाकडला राहायला गेला. बस मात्र येतच राहिली, गावातल्या बाकीच्या पोरांसाठी, आणि हेही कोपऱ्यावर जातच राहिले. आणि माझं पोटही चालतच राहिलं, कुणाच्या लक्षात न येता.

मग संतोषला मुलगी झाली. ओवी. सून प्रज्ञा, तीही नोकरीवाली. तिची रजा संपत आली तसा फोन आला, "आई, तुम्ही आणि आबा इकडे येऊन राहाल का? नाहीतर ओवीला पाळणाघरात ठेवावं लागेल."

"बघते," म्हणाले आणि फोन ठेवायच्या आधी बॅग भरली होती. नातीचं फार प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. पाळणाघरात पोरीला कोण काय भरवील याचा नेम नाही, एवढंच.

वाकडचं घर अकराव्या मजल्यावर. खाली बघितलं की माणसं मुंगीएवढी. सगळं चकचकीत. संडासही घरात, आणि तोही असा, की दाराबाहेर लगेच जेवायचं टेबल. त्या टेबलावर संतोष कंप्युटर मांडून बसलेला. वरून इस्त्रीचा शर्ट, खाली अर्धी चड्डी. (ऑफिसला म्हणे फक्त वरचा माणूस दिसतो.) शेजारी आमचे हे, पेपर मोठ्याने वाचत. प्रज्ञा ओवीला घेऊन फेऱ्या मारतेय. माणसांनी भरलेलं घर! मला बरं वाटलं.

पोटाला वाटलं नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं, जागा बदलली, होईल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, पाणी बदललं, होईल. त्याच्या पुढे म्हणण्यासारखं काही उरलं नाही. पोट गावालाच राहिलं होतं, मी एकटीच वाकडला आले होते. मी आत जाऊन बसायची. बसली की बाहेरून हाका सुरू.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"आई, चहा गार होतोय!"

"आई, ओवीचं झबलं कुठे ठेवलंत?"

मी आतून चष्मा सांगायची, चहा झाकून ठेवायला सांगायची, झबलं सांगायची आणि हात हलवत बाहेर यायची.

आधी मी कुणाला काही बोलले नाही. पण पोट बोललं नाही तरी तोंड बोलतं. कुकरने शिट्टी मारली तरी मी कुकरवर डाफरायची. शेवटी प्रज्ञाने विचारलंच, "आई, तुम्हाला पोट साफ होत नाहीये का?"

"हे काय विच्यारायचं असतं व्हय गं?"

"विचारायचंच असतं. कधीपासून?"

"आल्यापासनं."

तिचा चेहरा उतरला. आणि संध्याकाळी माझ्या लेकीचा, सुनीताचा, देहूहून फोन. "आई, पपई खा."

"तुला कुनी सांगितलं?"

"दादाने. घरच्या ग्रुपवर टाकलंय."

ग्रुपवर! मी चौथी शिकलेली बाई, पेपरात कधी नाव आलं नाही, आणि माझं पोट देहूपासून चाकणपर्यंत जाहीर झालं! भोसरीच्या दिराने हात जोडलेलं चित्र पाठवलं. नमस्कार मला होता की पोटाला, ते अजून कळलेलं नाही.

मग उपाय सुरू झाले. ह्यांनी एरंडेल काढलं. संतोषने कसली तरी पावडर आणली. सुनीता स्वतः पपई घेऊन आली, एवढी मोठी की लिफ्टमध्ये लोकांनी तिला जागा करून दिली. प्रज्ञाने मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावला. ती बाई गोड आवाजात म्हणत होती, डोळे मिटा, मन मोकळं सोडा, आपण समुद्रकिनारी आहोत असं समजा.

मी समुद्र एकदाच बघितलाय, अलिबागला. तिथे माझी पर्स हरवली होती. डोळे मिटले की मला पर्सच आठवायची.

आणि ओवी! ती पाच महिन्यांची कार्टी दिवसातून हवं तेव्हा कार्यक्रम उरकायची आणि घरातले सगळे टाळ्या वाजवायचे. "शाब्बास गं माझी राणी!" मी कोपऱ्यात बसून बघायची. म्हातारपणी नातीचा हेवा वाटावा, तोही ह्या गोष्टीचा!

एका शुक्रवारी मी बॅग काढली. म्हटलं, "प्रज्ञा, मी जाते गावाला. आबाबी येतील. पोरीला पाळणाघरात ठेवा. माझं पोट तिकडं हाय, मी इकडं काय करू?"

तिला सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं होतं. ती उठली. मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि बऱ्याच वेळाने लाल डोळे घेऊन बाहेर आली. मला रडणारी माणसं आवडत नाहीत. पण नळ सोडून रडणारी चालतात, दुसऱ्याला ताप नसतो. मी बॅग बंद केली, पण खाटेखाली ढकलली नाही. तिथेच दाराशी ठेवली. म्हटलं, "सोमवारपर्यंत बघते. त्यापुढं न्हाई."

त्याच दुपारी मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण तरुण, पण शहाणी. पोट दाबून बघितलं, वजन बघितलं, जेवण विचारलं. मग म्हणाली, "काळजीचं काही दिसत नाही, आजी. नुसती औषधं घेत बसू नका. भाकरी, भाजी, पाणी, जेवणाच्या वेळा, चालणं, हे सांभाळा. बसताना पायाखाली पाट घ्या. कुंथू नका. आणि पोटालाही सवय असते बरं का. त्याला ठरलेली वेळ लागते आणि निवांत मन लागतं. गावाला सकाळी तुमचं काय काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? बस यायची."

"कसली बस?"

"कंपनीची. हारन वाजायचा, बस जायची, मग मी जायची."

संतोष हसला. हे हसले. डॉक्टरीणही हसली. प्रज्ञा हसली नाही. तिने भर दवाखान्यात माझा हात धरला आणि म्हणाली, "आई! हॉर्न!"

ही मुलगी कंप्युटरमधल्या चुका शोधायचं काम करते. तिला वाटलं, चूक सापडली.

घरी येईपर्यंत तिने बबन ड्रायव्हरचा नंबर मिळवून फोन लावला होता. तोही आता पिकलाय, पण बस तोच चालवतो. प्रज्ञाने त्याला सगळं अगदी सविस्तर समजावलं. (मी खिडकीबाहेर बघत होते. माणसाने किती ऐकायचं!) बबन म्हणाला, "ताई, वैनींच्या हातचा च्या इतकी वर्षं प्यालोय. तुमाला पायजे तेवढा हारन देतो." थोड्या वेळाने हॉर्न मोबाईलवर आला. दोन आखूड, एक लांब आणि शेवटी बबनचा आवाज, "वैनी, होऊ द्या!"

शनिवारी उजाडायच्या आधी प्रज्ञा उठली. मोबाईलचा आवाज तिला बारीक वाटला म्हणून तिने तो संतोषच्या एका मोठ्या, बिनवायरीच्या स्पीकरला जोडला. लग्नाच्या वरातीत असतो ना, त्याचा धाकटा भाऊ. मला म्हणाली, "आई, तयार?"

मी पाट घेऊन तयार होते.

तिने बटण दाबलं.

आता काय सांगू! गावाला तो हॉर्न अंगणात वाजायचा आणि आभाळात निघून जायचा. इथे आभाळच नव्हतं. चार भिंती! कपाटातली भांडी बोलली. ओवीने असा टाहो फोडला की हॉर्नही दबला. आणि थांबायचं नाव नाही. एकदा झाला की 'वैनी, होऊ द्या', आणि परत पहिल्यापासून!

इतक्यात आतल्या खोलीतून आमचे हे बाहेर आले. डोळे अर्धे मिटलेले, पण पाय पूर्ण जागे. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालेला माणूस ओरडत होता, "डबा! डबा कुठाय? बस चालली!" दाराशी ओवीची लंगोटांची पिशवी होती. तीच उचलली, बूट दुसऱ्या हातात घेतले आणि दार उघडून जिन्याने सुटले! लिफ्टकडे बघितलंही नाही. बस काय लिफ्टसाठी थांबते?

"आबा! अहो आबा!" संतोष त्यांच्या मागे, अर्ध्या चड्डीवर. आज वरचा शर्टही नव्हता.

ह्या सोसायटीत आदल्याच आठवड्यात आग लागली तर काय करायचं, याची तालीम झालेली. भोंगा वाजला की लिफ्ट वापरायची नाही, जिन्याने खाली जायचं, गेटपाशी जमायचं. समोरच्या दारातले परांजपे दार उघडून बघतात तर पुढे म्हातारा अनवाणी पळतोय, मागे उघडा मुलगा पळतोय आणि भोंगा वाजतोय. त्यांनी एवढंच केलं, "आग! आग!" म्हणून ओरडले. झालं! दारं धडाधड उघडली. दहावा मजला निघाला, नववा निघाला. कुणी कुत्रं घेतलं, कुणी कंप्युटर घेतला. एका बाईने म्हणे फक्त लोणच्याची बरणी घेतली.

प्रज्ञाने कपाळावर हात मारला. "आई, मी सांगून येते सगळ्यांना!" रडणारी ओवी कडेवर, मोबाईल हातात, ती धावली. मोबाईल लांब गेला तसा स्पीकर बंद पडला.

आणि घरात सगळं शांत झालं.

चष्मा विचारणारा जिन्यात होता. चहाची आठवण करणारा त्याच्या मागे. झबलंवाली आणि झबलं दोघीही खाली. नळाचं पाणीसुद्धा थेंब थेंब न पडता गप्प होतं. मी आत गेले. पायाखाली पाट घेतला. आणि पोटाने, काय सांगू तुम्हाला, जुन्या ओळखीच्या माणसासारखी हाक दिली!

नेमकं तेव्हाच दार वाजलं.

घरात शिरले होते गेटवरचे सुरक्षारक्षक माने. माणूस लातूरकडचा, आडदांड, हातात आग विझवायचं लाल नळकांडं, खांद्यावर वॉकीटॉकी. खाली डोकी मोजताना परांजपे म्हणाले होते, अकराव्या मजल्यावरची आजी राहिलीय. प्रज्ञा सगळ्यांना सांगत होती की आग नाही, हॉर्न आहे. पण आगीपुढे कोण सुनेचं ऐकतंय? माने बिचारे अकरा मजले चढून आले होते.

"आजी! ओ आजी! आत हाव का?"

"हाय!"

"बाहेर या लवकर! बिल्डिंग रिकामी करायलेत!"

"करू द्या! मीबी तेच करतेय!"

"आजी, आग लागली म्हनायलेत!"

"लागू द्या! इतक्या दिवसांनी मुहूर्त लागलाय, मी उठत न्हाई!"

बाहेर नळकांडं खाली टेकल्याचा आवाज आला. मग मान्यांचा वॉकीटॉकीवरचा आवाज, "हॅलो, गेट. आजी सापडल्या. सुखरूप हायत."

"खाली आणा," गेट म्हणालं.

"येईनात."

"का?"

"बसल्यात."

"कुठे बसल्यात?"

माने इमानदार माणूस. खोटं बोलता येईना आणि खरं कसं बोलावं कळेना. शेवटी म्हणाले, "जिथं बसल्यावर उठवू नये, तिथं बसल्यात."

गेटवर वॉकीटॉकीचा आवाज मोठा असतो. सगळी सोसायटी जमलेली. त्या सगळ्यांच्या देखत आमच्या सुनेने तो गेटवाल्याच्या हातातून ओढून घेतला आणि ओरडली, "झालं का विचारा!"

"आजी, सूनबाई विचारायल्यात, झालं का?"

"होतंय म्हनावं!"

त्यावर प्रज्ञाने खाली टाळ्या वाजवल्या. ओवीसाठी वाजवायची सवय ना, हात आपोआप गेले. बाकीच्यांना वाटलं म्हातारी आगीतून वाचली, म्हणून त्यांनीही वाजवल्या. सगळ्या सोसायटीने माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या आत बसून ऐकल्या!

संतोष त्या दिवशी दारोदार माफी मागत फिरला. सेक्रेटरी म्हणाले, आजींचं झालं त्याचा आनंद आहे, पण हॉर्न पुन्हा वाजता कामा नये. आमचे हे गेटवर बराच वेळ लंगोटांची पिशवी घेऊन बसची वाट बघत होते म्हणे. परत आल्यावर म्हणाले, "बबन आज लेट हाय."

प्रज्ञा मात्र खूश. "हॉर्नच होता, आई! मी म्हटलं नव्हतं?" स्पीकर नाही तर नाही. रविवारी तिने माझ्या कानात मोबाईलची ती बोंडं खुपसली. मी पाट घेऊन आत. बाहेर तिघंही दाराला कान लावून.

"वाजतोय का, आई?"

"वाजतोय!"

"मग?"

"मग काय! बस आली, मान्सं चढंनात!"

"आवाज वाढवू का?"

"अगं, लांबचा हारन संपू दे, तिकडं तू बस गेल्यावरच जायचीस," हे म्हणाले.

"आई, जोर नको लावूस हं," संतोष म्हणाला.

आणि त्या हॉर्नच्या आवाजात, त्या तिघांच्या बोलण्यात मला एकदम उमजलं. हॉर्नचा काय संबंध! गावाला हॉर्न वाजला की घरात मला हाक मारणारं कुणी उरत नव्हतं. अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ माझा होता. मग पोरं उठायची, सासूबाई यायच्या, गुरं, शेत, चूल. पोट हुशार. त्याने तेवढी फट बघून ठेवली होती. मला मात्र कळायला सत्तर वर्षं आणि एक खोटी आग लागली.

मी बाहेर आले. तिघांना टेबलाशी बसवलं. म्हटलं, "तुमचं माज्यावर प्रेम हाय ना?"

"हे काय विचारणं झालं, आई?"

"मग उद्या सकाळी घरातनं चालते व्हा."

संतोषचं तोंड उघडं राहिलं. हे म्हणाले, "मीबी?"

"तुमी पयले."

मला वाटलं, सुनेला लागेल. माझं बोलणं असंच, बिनतेलाचं. पण ती दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आम्ही रोज जाऊ. ऊन असो, पाऊस असो. तुम्ही फक्त जाऊ नका." आणि लगेच कामाचं बोलली, "झालं की मला एक मिस कॉल द्या. म्हणजे आम्ही वर येऊ."

सोमवारी उजाडता उजाडता सगळे निघाले. हे ओवीची गाडी ढकलत, संतोष पूर्ण कपड्यात, प्रज्ञा ऑफिसच्या कपड्यांत. दार लागलं. मी पेलाभर कोमट पाणी प्याले. घरातून एक चक्कर मारली. कुणाचा चष्मा शोधला नाही, कुणाचा चहा झाकला नाही. मग गेले. गेले आणि आले. सांगण्यासारखं काहीच नाही!

मिस कॉल दिला आणि गॅलरीत उभी राहिले. खाली सगळे दिसत होते. गार वाऱ्यात, गेटच्या कडेला, काहीही काम नसताना उभे. प्रज्ञाने मोबाईल बघितला, वर बघितलं आणि हात हलवला. ह्यांनी बस सुटताना कोपऱ्यावरून करायचे तसाच हात केला. मला वाटलं, एका म्हातारीच्या पोटासाठी एवढी माणसं अंथरूण सोडून रस्त्यावर येतात. आमच्या सासूबाईंसाठी आम्ही आलो असतो का? आलो नसतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्याचं होतं. अकराव्या मजल्यावर वारा फार.

प्रज्ञा तिथूनच ऑफिसला गेली. बॅग मी रिकामी केली, आता तिच्यात ओवीची खेळणी असतात.

आता रोज असंच चालतं. गंमत म्हणजे रोज चालून चालून ह्यांचे गॅस गेले आणि संतोषची जळजळ कमी झाली. औषध माझं, गुण त्यांना. डॉक्टरणीला सांगितलं तर ती म्हणाली, छान, असंच चालू ठेवा. बबनला फोन करून म्हटलं, "बाबा, तुझा हारन न्हवता, पण तुझे उपकार झाले." तो म्हणाला, "असू दे, वैनी. मला वाटायचं मी नुसती कंपनी चालवतो."

एक मात्र झालं. मी आयुष्यभर हे काम गुपचूप उरकलं. पहाटेच्या अंधारात, कुणाला कळू न देता. आणि आता आमचं बिऱ्हाड लिफ्टमधून खाली उतरलं की माने गेटवर ताठ उभे राहतात आणि वॉकीटॉकीवर दुसऱ्या गेटला कळवतात, "आजी बसल्या." माझा मिस कॉल गेला की पुन्हा कळवतात, "आजी उठल्या." परांजपे त्यावर घड्याळ लावतात, शाळेच्या व्हॅनसाठी थांबलेल्या आया त्यावर पोरांना घाई करतात आणि संध्याकाळी बागेत अनोळखी बायका मला वाकून विचारतात, "आजी, बरंय ना सगळं?"

म्हातारपणी माणसाला मान राहत नाही म्हणतात. मला अख्ख्या सोसायटीत आहे. फक्त तो कशासाठी आहे, हे मी गावाला कुणाला सांगितलेलं नाही. (तुम्हीही सांगू नका. विचारलंच कुणी, तर म्हणावं, बाई तिथे पहिल्या शिफ्टला आहे.)